विलायती गाडीचा उंबरा

मला राग लवकर येतो आणि माझं चुकलेलं मला उशिरा कळतं. मधल्या वेळेत मी जे काही बोलून बसतो ते निस्तरण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, असं बायको म्हणते. उरलेलं निम्मं ट्रॉल्या करण्यात गेलं. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की लासुर्ण्याच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच माझं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, मोडलेले हूक, वाकलेले आस, असली कामं. हंगामात जेवायला सवड नसते आणि हंगाम संपला की दिवस खायला उठतो. त्या रिकामपणात मला जुन्या कॅरव्हॅनचं वेड लागलं.

कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागं ओढायचं घर. फोनवर एक गोरा म्हातारा रोज असलं एखादं घर खरवडताना दिसायचा. मी फोन तांब्याला टेकवून ठेवायचो आणि भाकरी खात ते बघायचो. आसावरची पाटी कशी वाचायची, रंगाचे थर कसे मोजायचे, छपराला किती बाक आहे त्यावरून गाडीचं वय कसं ओळखायचं, हे सगळं त्याच्याकडून शिकलो. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण हात काय करतायत ते कळत होतं. पुढं मी परदेशातल्या कॅरव्हॅनवाल्यांच्या ग्रुपमध्येही शिरलो. अडचण एवढीच होती की सगळ्या बारामती-इंदापुरात मी एकही कॅरव्हॅन बघितलेली नव्हती.

आणि ती होती माझ्या वर्कशॉपपासून चार शेतं सोडून, आबांच्या डाळिंबाच्या बागेत. आबा ऐंशीच्या घरातले, बागायतदार, बोलण्यात कुणाला हार न जाणारे. त्यांच्या पंपाचा स्टँड जोडायला गेलो तेव्हा कडुलिंबाखाली एक पत्र्याची खोली दिसली. खोलीला चाकं होती. आत डाळिंबाची क्रेटं, फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. मी खाली वाकून आस बघितला. मातीच्या थराखाली पितळी पाटी, पाटीवर इंग्रजी अक्षरं. मी आनंदानं एवढ्या मोठ्यानं ओरडलो की आबांना वाटलं, साप निघाला.

"त्यात काय एवढं," आबा म्हणाले. "कालव्याच्या सायबाची गाडी हाय ती. विलायती. सायेब बदलून गेला तवा माझ्या बानं घेतली."

आबांच्या मुलानं शेतात गेल्या थंडीत हुरडा पार्टी सुरू केली होती. पुण्याहून माणसं येत, हुरडा खाऊन संध्याकाळी परत जात. ती मुक्कामाला राहावीत म्हणून काय करता येईल या विचारात तो होताच. मी म्हटलं, ही गाडी मी नवी करून देतो. आबांनी तिथंच होकार दिला. पण गाडी लगेच हलली नाही, कारण आतल्या कोपऱ्यात एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं बाहेर पडल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असं आबांच्या मालकिणीनं बजावलं. म्हणून मी, एक पन्नाशीला टेकलेला माणूस, रोज सकाळी जाऊन कोंबडीची चौकशी करायचो. अकरा पिल्लं निघाली आणि दुसऱ्या दिवशी मी ट्रॅक्टर जोडला.

वर्कशॉपमध्ये आणल्यावर पहिला आठवडा मी हवेत होतो. टायरांचा चुरा झाला होता, ते बदलले. मग रंग खरवडायला घेतला. वर चंदेरी, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा, तळाला लाल. आसावरच्या पाटीचा फोटो ग्रुपवर टाकला. इंग्लंडातल्या कुणीतरी सांगितलं की पाटी तिकडचीच. झालं. मी आबांना फोन लावला आणि शंभर टक्के विलायती म्हणून निकाल देऊन टाकला. आबांनी वर्कशॉपला दोन किलो जिलबी पाठवली. त्यांच्या मुलानं फ्लेक्सही छापायला दिला: 'अस्सल विलायती कॅरव्हॅनमध्ये मुक्काम करा.' माझी बायको गाद्यांच्या खोळी आणि पडदे शिवायला बसली. आमच्या घरी पाहुणा येणार असल्यासारखी धांदल होती.

तो फ्लेक्सच निरवांगीच्या तात्यांपर्यंत पोचला असावा. छापून यायच्या आधीच त्याचा नमुना सगळ्यांच्या फोनवर फिरत होता.

एका सकाळी पांढरं धोतर, अंगात बंडी आणि हातात काठी असे एक वाळकेसे म्हातारे एस.टी.तून उतरले आणि सरळ गाडीपाशी गेले. मला विचारलं नाही, काही नाही. गाडीभोवती एक फेरी घातली. पत्र्यावर हात फिरवला. मग म्हणाले, "म्या निरवांगीचा. सुताराचा. ही गाडी माझ्या बानं केलीया."

मला हसू आलं, पण म्हातारा माणूस म्हणून खुर्ची दिली, चहा सांगितला. तात्यांनी सांगितलेली हकीकत अशी. त्यांचे वडील बैलगाड्या करायचे. कालव्याच्या मोजणीवर एक साहेब होता. त्याचा मुक्काम तेव्हा सुप्याकडच्या माळावर. साहेबानं लष्कराच्या डिस्पोजलमधून, म्हणजे लढाई संपल्यावर विकायला काढलेल्या सामानातून, एक सांगाडा आणला होता. दोन चाकं, आस आणि हूक, बाकी काही नाही. त्यावर घर बांधून दे, असं त्यानं तात्यांच्या वडिलांना सांगितलं. तात्यांची आई बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून वडिलांनी सहा वर्षांच्या तात्यांनाही बरोबर नेलं. चार महिने बापलेक माळावर राहिले आणि चाकावर घर उभं राहिलं. दुसऱ्या वर्षी वडील तापानं गेले.

"मग पाच-सा वर्सांनी गाडी आबाच्या रानात आली. आमी दोघं लासुर्ण्याच्या साळंत एका वर्गात. म्या सांगितलं, ही माझ्या बानं केलीया. तवापासनं हसत्यात." तात्यांनी बशी खाली ठेवली. "गावात कुणी थाप मारली की म्हणत्यात, आलं बघा तात्याचं चाकाचं घर. माझी नातवंडंबी म्हणत्यात. आता तर तू बोर्ड लावनार विलायती म्हून. त्यो लागला की संपलंच. मी मेल्यावर तेवढंच उरंल, तात्या थापाड्या व्हता."

मी त्यांना आसावरची पाटी दाखवली. तात्या म्हणाले, पाटी डिस्पोजलची, घर माझ्या बाचं. ते दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही आले. "पंच्याहत्तरीच्या फुडं एस.टी. फुकट हाय. यायला काय जातंय?" म्हणायचे. येऊन गाडीसमोर बसायचे आणि माझं काम बघायचे. चौथ्या दिवशी मी आतून छपराची उरलेली प्लाय काढत होतो. तात्या काठी टेकत दारापाशी आले आणि मान वर करून म्हणाले, "वर बघ. ती आडवी लाकडं न्हायती. अर्धी चाकं हायती."

आता खरं सांगायचं तर हे मला आधीच दिसलं होतं. छपराचा बाक धरणारी जी लाकडं होती ती सलग नव्हती. तो गोरा म्हातारा लांब पट्टी वाफवून वाकवतो. इथं बाभळीचे वाकडे तुकडे तासून, खुंट्या मारून एकमेकांत बसवलेले होते. बैलगाडीच्या चाकाची कड अशीच जोडतात. मला ते दिसलं, खटकलं आणि मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकलाच नाही. निकाल देऊन बसलो होतो, जिलबी खाऊन बसलो होतो. आणि नेमकं तेच एका म्हाताऱ्यानं बोट करून दाखवल्यावर माझं डोकं फिरलं.

मी म्हणालो, "तात्या, तुमचे वडील बैलगाड्या करायचे. बैलगाडी आन् ही गाडी, काय फरक हाय का न्हाय? उगं कशाला मोठेपणा घेता?"

तात्यांनी काठी घेतली, रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले आणि आली त्या एस.टी.त बसून गेले. ती एस.टी. निरवांगीच्या बाजूला जाणारी नव्हतीच. ती बारामतीला निघालेली होती.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठ दिवस झाले. खुर्ची मी उचलली नव्हती, ती तशीच गाडीसमोर होती आणि तिच्याकडं बघायचं मी टाळत होतो. बायको मशीन थांबवून म्हणाली, "खोटं बोलायला कुणी ह्या वयात रोज एस.टी.नं येतं व्हय?" मी म्हटलं, तू तुझे पडदे शीव. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ती शिक्षा मला बरोबर लागू पडते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाराची चौकट काढायला घेतली. खालचं लाकूड, म्हणजे उंबरा, पार कुजला होता. पहार घातली आणि तो उचलला, तर खालच्या जाड फळीत बोटभर खोल कोरलेली एक चौकोनी खाच. वरून लाकडाचा तुकडा ठोकून ती बंद केलेली. मला वाटलं, बोल्टाची जागा असेल. तुकडा काढला. आत पिवळट चिंधीचे धागे, त्यात काळीठिक्कर पडलेली एक सुपारी, पोवळ्याचा लहानसा मणी आणि तांब्याचं एक नाणं. मधोमध भोक असलेलं. भोकात काळ्या दोऱ्याची गाठ अडकून राहिली होती.

मी ते तळहातावर घेऊन नुसता बघत राहिलो. बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिला एक क्षणही लागला नाही.

"आपल्या घराची चौकट बसवताना सुतारानं काय घालाया लावलं व्हतं?" ती म्हणाली. "हळदीच्या चिंधीत पैसा, सुपारी, पोवळं. विलायतेत घालत असतील व्हय, उंबऱ्याखाली सुपारी?"

मी मटकन त्या खुर्चीत बसलो, तात्यांच्याच. मग पुन्हा तो पैसा बघितला. गाठीचा दोरा काही केल्या कळेना. उंबऱ्याखाली पैसा घालतात, दोऱ्यासकट कोण घालतं? मी म्हटलं, आत्ताच जाऊन त्यांना दाखवतो. बायकोनं माझ्या हातातून पैसा काढून घेतला आणि चिंधीसकट पदराच्या टोकाला बांधला. म्हणाली, "आधी विचारा. मग दाखवा. म्हंजी पुन्हा कुणी त्यांना पढवलं म्हणायला नको."

आम्ही मोटारसायकलवर निरवांगीला गेलो. तात्या अंगणात खुरप्याला मूठ बसवत होते. मला बघून त्यांनी मान फिरवली. मला माफी मागता येत नाही, कधी सवयच नाही. तरी त्या दिवशी पायांना हात लावला. म्हणालो, "तात्या, एकच सांगा. सुप्याच्या माळावर उंबरा बसवला, तवा खाली काय घातलं व्हतं?"

तात्यांनी खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "पैसा. माझा. सायेब गेलता पुण्याला आन् मुहूर्त टळत व्हता. बाच्या खिशात काय नव्हतं. माझ्या करदोट्यात भोकाचा पैसा ओवलेला, आईनं घातलेला. बानं त्यो तोडून घेतला. म्या लई रडलो. बा म्हनला, रडू नगं, तुझा पैसा आता गावोगाव हिंडंल."

बायकोनं पदराची गाठ सोडली आणि पैसा त्यांच्या हातावर ठेवला. काळा दोरा अजून भोकात होता. कमरेच्या करदोट्याचा तुटलेला दोरा.

तात्यांनी तो दोरा अंगठ्यानं चाचपला. त्यांच्या तोंडावर लहान पोरासारखं हसू पसरत गेलं. "मलाच वाटाया लागलं व्हतं," ते म्हणाले. "सगळी जनं न्हाय म्हणत्यात, तर मीच सपान बघितलं आसंल. गेली धा वर्सं तर रातच्याला आठवून बघायचो, बा दिसायचा, पण गाडी दिसायची न्हाय." आणि मग ते धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले. मीही रडलो. उघडपणे, नाक पुसत, त्यांच्या नातवंडांसमोर.

आबांना सांगणं त्याहून अवघड होतं. ते वर्कशॉपमध्ये आले तेव्हा तात्या खुर्चीत बसलेले होते आणि पैसा समोरच्या ऐरणीवर ठेवलेला होता. मी सगळं सांगितलं. आबांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. विलायती गाडी त्यांच्या हातातून जात होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी तात्यांकडं बघून जरा तणतणतच म्हणाले, "मग ह्यो पैसा घातल्याचं तवाच का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं," तात्या म्हणाले. "तू हसत व्हतास. तुला ऐकू गेलं न्हाय."

आबांनी चष्मा काढून खिशात घातला आणि ते उठून गेले. मला वाटलं, आता गाडी परत मागतात. पण दुसऱ्या दिवशी कळलं की छापून आलेला फ्लेक्स त्यांनी मुलाच्या हातून घेतला आणि वैरणीच्या गंजीवर उलटा घालून टाकला. मुलगा कुरकुरला, तर त्याला म्हणाले, वैरण भिजत न्हाय, छपाई झाली की वसूल.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या वर्कशॉपमधले सगळ्यात चांगले. तात्यांनी नवा उंबरा स्वतः करायचा म्हटलं. मी यंत्रावर कापून देतो म्हटलं तर माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी ग्राइंडर बंद करून ठेवला. घरून त्यांनी वडिलांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, आणला. बाभळीची फळी घेतली आणि बसून, दम खात, तासत राहिले. एका दिवसाचं काम त्यांनी पाच दिवस पुरवलं. छपराच्या अर्ध्या चाकांवर मी पुन्हा प्लाय ठोकली नाही. ती तशीच उघडी ठेवून तेल पाजलं. रंग तळातला लाल दिला. ग्रुपवर मी सगळे फोटो टाकले, आधी लपवलेलेसुद्धा, आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं की ओळखण्यात माझी चूक झाली. तिकडच्या लोकांनी छपराचे फोटो मागून मागून मला बेजार केलं.

उंबरा बसवायच्या दिवशी आबा आले ते नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन. चौकट बसली की घरमालकानं सुताराला मान द्यायचा, हा आपल्याकडचा रिवाज. तात्यांनी हळदीची नवी चिंधी केली, त्यात सुपारी, पोवळं आणि दोऱ्यासकट तो पैसा बांधून खाचेत ठेवला. मी म्हटलं, पैसा तरी घरी न्या, आठवण म्हणून. तात्या म्हणाले, "बानं ठेवलाय. मी कोन काढनारा?" आबांनी त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. टोपी मोठी झाली, कानांवर आली. बायकोनं सगळ्यांना शिरा वाढला.

मग गाडी पहिल्यांदा कुठं न्यायची हे कुणी ठरवलं नाही, पण मी ट्रॅक्टर निरवांगीकडंच वळवला. सकाळची वेळ होती. आत बायको, आबा आणि तात्या. उसातून जाणाऱ्या रस्त्यानं मी इतका सावकाश चाललो होतो की सायकलवाले पुढं जात होते आणि पुढं जाऊन थांबून बघत होते. तात्या खिडकीत बसून प्रत्येकाला हात करत होते, ओळखीच्याला आणि बिनओळखीच्यालाही.

निरवांगीच्या पारापाशी मी ट्रॅक्टर थांबवला. बघता बघता निम्मं गाव जमलं. कुणी पत्र्यावर टिचकी मारून बघत होतं, कुणी खाली वाकून चाकं. गर्दीतून एकानं विचारलं, "कुठली म्हनायची ही? फारेनची का?"

मी ट्रॅक्टरवरून मागं बघितलं. तात्या दारात आले होते, टॉवेल खांद्यावर, टोपी कानांवर. तोंड उघडलं आणि मिटलं. सत्तर वर्षं तेच वाक्य बोलून बघितलेल्या माणसाला ते या गावात पुन्हा बोलायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात मागून आबा पुढं झाले. चौकट धरून उंबऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "फारेनची न्हाय. ह्याच्या बानं केलीया, सुप्याच्या माळावर. म्या माझ्या डोळ्यानं खूण बघितलीया. सत्तर वर्सं म्या ह्याला खोटं पाडलं. ह्यो खरं बोलत व्हता."

तात्यांनी एकदा सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली, पार कडेच्या माणसापर्यंत. मग आबांच्या दंडाला हात लावून म्हणाले, "आबा, जरा मोठ्यानं सांग. मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाय."

आणि आबांनी ते पुन्हा, पहिल्यापासून, ओरडून सांगितलं.